आंब्याचा 'सल्लागार' व्हायचंय? फायदे कोणते, खड्डे कुठे. आधी हिशेब समजून घ्या

देवगड : पाऊस ओसरायला लागला की देवगड तालुक्यात एक प्रश्न फिरायला लागतो आणि तो मे महिन्यापर्यंत थांबत नाही. कधी फोनवर, कधी व्हॉट्सॲपवर मोहोराच्या फोटोखाली, कधी औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर. "मोहोर गळता हा, काय मारूचा?" या एका प्रश्नाचं उत्तर देणं हाच आता पोटापाण्याचा धंदा होऊ लागला आहे. बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या शिकून गावी परतलेल्या मुला-मुलींपुढे आज तीन वाटा असतात. स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकरी, खत-औषध कंपनीत फिरतीची नोकरी, नाहीतर स्वतः आंबा सल्लागार होणं. तिसरी वाट दिसायला सोपी आहे. भांडवल म्हणजे दुचाकी आणि मोबाईल. पण या वाटेवर फायदे आहेत तसे खड्डेही आहेत. घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून विचार करावा, असा हा विषय आहे.

सल्लागार म्हणजे नेमका कोण?

कृषी सहायक सगळ्या पिकांचं बघतो. दुकानदार औषध विकतो आणि जोडीला सल्ला देतो. कंपनीचा माणूस स्वतःच्या कंपनीचा माल सांगतो. यांच्यापेक्षा वेगळा माणूस म्हणजे स्वतंत्र सल्लागार. तो एकाच पिकाचा, कधी कधी एकाच कामाचा जाणकार असतो. बागेत येतो, झाड बघतो, काय करायचं आणि काय करायचं नाही ते सांगतो आणि त्या सांगण्याचे पैसे घेतो. त्याचा माल म्हणजे त्याचं डोकं आणि नजर.

आता कोणी म्हणेल, सल्ला तर फुकट मिळतो. ते खरं आहे. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याचं वेंगुर्ल्याला प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे आणि आपल्याच तालुक्यात रामेश्वरला आंबा संशोधन उपकेंद्र आहे. किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासून सुरू आहे. मग पैसे कोण देणार?

उत्तर असं, की विद्यापीठाचं वेळापत्रक सगळ्या कोकणासाठी असतं. पण खाडीकडची बाग वेगळी आणि आतल्या कातळावरची बाग वेगळी. एकाच बागेत तीन टप्प्यांत मोहोर येतो. एका फांदीवर सुपारीएवढी कैरी आणि शेजारच्या फांदीवर नुकता फुललेला मोहोर, असं चित्र नेहमीचंच. अशा वेळी पुस्तकातली तिसरी फवारणी नेमकी कुठल्या फांदीसाठी, हे झाडाखाली उभं राहूनच ठरवावं लागतं. सल्लागाराला पैसे मिळतात ते यासाठी.

हापूसलाच वेगळा जाणकार का लागतो?

हापूस हे लाडावलेलं झाड. एक वर्ष भरून देतं, दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतं. तुडतुडे, फुलकिडी, भुरी, करपा, फळमाशी आणि कापल्यावरच कळणारा साका, एवढे शत्रू आहेत. त्यात अवकाळी पाऊस आणि मार्चमधला उकाडा.

एक उदाहरण घेऊया. दरवर्षी फळ यावं म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बोलीत 'कल्टार', दिलं जातं. हे संजीवक झाडाची पालवीची वाढ आवरतं आणि त्याला मोहोराकडे वळवतं. विद्यापीठाची शिफारस आहे की ते साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान द्यावं आणि मात्रा झाडाच्या घेराच्या व्यासावरून ठरवावी. दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे साधारण ३ मिली औषध. व्यास न मोजता 'झाडाला एवढे झाकण' अशा हिशेबाने दिलं तर काय होतं? मात्रा जास्त झाली की फांद्यांची पेरं आखडतात, मोहोर गुच्छासारखा येतो, झाड थकतं. हे औषध जमिनीत बराच काळ टिकतं, त्यामुळे चूक दुसऱ्या वर्षी सुधारता येत नाही. टेप घेऊन व्यास मोजणारा आणि अशक्त झाडाला 'यंदा नको' म्हणणारा माणूस लाखमोलाचा ठरतो तो इथे.

दुसरं म्हणजे बाजार. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. कारण पेट्यांमध्ये सापडलेली फळमाशी. जानेवारी २०१५ मध्ये ती उठली, पण तेव्हापासून निर्यातीचे नियम कडक झाले. बागेची नोंदणी, फवारणीची वही, औषधाचा उर्वरित अंश, उष्णजल किंवा बाष्प प्रक्रिया. अमेरिकेला २००७ पासून आंबा जातो तो विकिरण करून. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ही सगळी कागदपत्रं सांभाळणं हेही आता एक कसब झालं आहे.

द्राक्षवाल्यांनी ही वाट आधी मळली

आपल्या राज्यात पिकाचा सल्लागार हा धंदा पक्का रुजला तो नाशिक, सांगलीच्या द्राक्ष पट्ट्यात. तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि त्यानंतर जवळजवळ रोज काहीतरी ठरवावं लागतं. बागा एकमेकीला लागून आहेत, एकरी खर्च मोठा आहे. म्हणून बागायतदार सल्ल्याचे पैसे देतो आणि सल्लागाराला एका दिवसात बऱ्याच बागा बघता येतात.

पण त्याच द्राक्षाने एक कडू धडाही दिला. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल अडकला. हे रसायन बागेत वर्षानुवर्षं नेहमीच्या सवयीने वापरलं जात होतं. 'सगळेच मारतात' हे सल्ल्याचं कारण होऊ शकत नाही, हे त्या हंगामाने शिकवलं.

देवगडचा आंबा आणि नाशिकचं द्राक्ष यांत फरक मात्र लक्षात घ्या. आपल्याकडे बागा विखुरलेल्या आहेत. सकाळी विजयदुर्ग, दुपारी मिठबाव आणि संध्याकाळी शिरगाव असा फेरा मारला तर अर्धा दिवस रस्त्यावरच जातो. एका दिवसात तीन बागा नीट बघून झाल्या तरी खूप. म्हणून तिकडचा हिशेब इकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

फायदे काय?

पहिला फायदा, गाव सुटत नाही. मुंबईच्या खोलीचं भाडं नाही, घरची बाग आणि म्हातारे आई-वडील नजरेसमोर राहतात.

दुसरा, नजर लवकर तयार होते. एका बागायतदाराला वर्षात एकच हंगाम बघायला मिळतो. चाळीस बागा फिरणाऱ्याला एकाच वर्षात चाळीस हंगाम बघायला मिळतात. पाच वर्षांत तो जे शिकतो, ते एका बागेत बसून पन्नास वर्षांतही शिकता येत नाही. ही शिदोरी कोणी काढून घेऊ शकत नाही.

तिसरा, नाव झालं की काम चालत येतं. गावात एकाची बाग सुधारली की जाहिरात करावी लागत नाही.

चौथा, पुढच्या वाटा उघडतात. निर्यातदार, प्रक्रिया उद्योग, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना बागेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस हवाच असतो.

तोटे काय?

पहिला तोटा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. सगळी अंडी एकाच टोपलीत. तुमची स्वतःची बाग आंब्याची, तुमची सगळी गिऱ्हाइकं आंब्याची आणि तीही एकाच तालुक्यातली. ज्या वर्षी अवकाळीने मोहोर काळा पडतो, त्या वर्षी तुमची बाग जाते आणि चाळीसही जणांकडे फी द्यायला पैसे नसतात. किराणा दुकानदाराचं एक गिऱ्हाईक बुडालं तर दुसरं तारतं. इथे सगळे एकदम बुडतात. बागायतदाराला निदान फळपीक विम्याचा आधार असतो, सल्लागाराच्या बुडालेल्या फीला विमा नाही.

दुसरा, हंगामी कमाई. मे संपला की जुलैपर्यंत हाताला फारसं काम नाही. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने असतो.

तिसरा, उधारी. कोकणात ओळखीच्या माणसाकडे पैसे मागणं जड जातं. "पेटी विकली की देतो" म्हणून सांगितलेलं पावसापर्यंत लांबतं.

चौथा, एका पिकात फार खोल गेलं की बाहेरची दारं हळूहळू बंद होतात. दहा वर्षांनी नोकरी शोधायची वेळ आली तर 'फक्त हापूस' हा अनुभव किती ठिकाणी चालेल, याचा विचार आजच करायला हवा.

पाचवा, अंगावरचा धोका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले. सल्लागार सतत फवारलेल्या बागांतून फिरतो. हातमोजे, मास्क आणि फवारणीनंतर किती वेळाने बागेत शिरायचं, हे त्याने आधी स्वतः पाळलं पाहिजे.

आकडे मांडून बघूया

खालचे आकडे फक्त हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या भागातला दर विचारून स्वतःचे आकडे घाला.

समजा पहिल्या वर्षी ३० बागा मिळाल्या. प्रत्येक बागेला हंगामात १० भेटी, भेटीला ७०० रुपये. म्हणजे ३०० भेटींचे २ लाख १० हजार. दिवसाला तीन भेटी धरल्या तर १०० दिवस फिरती. रोज २५० रुपये पेट्रोल म्हणजे २५ हजार. गाडीची दुरुस्ती, फोन, साहित्य यांचे २० हजार. पाचातला एक जण पैसे देत नाही असं धरलं तर ४२ हजार बुडाले. हातात उरले १ लाख २३ हजार. महिन्याला साधारण सव्वा दहा हजार. आता समजा कंपनीची नोकरी महिना १८ हजारांची मिळत होती. तिचे वर्षाला २ लाख १६ हजार झाले असते. म्हणजे पहिलं वर्ष तोट्याचंच.

पाचव्या वर्षी नाव झालं, ६० बागा झाल्या आणि भेटीचा दर १ हजार झाला असं धरा. ६०० भेटींचे ६ लाख. पेट्रोल ५० हजार, इतर खर्च ४० हजार, बुडीत दहावा हिस्सा म्हणजे ६० हजार. उरले साडेचार लाख, महिन्याला साडेसदतीस हजार. गणित जमलं. पण त्यासाठी मधली चार वर्षं काढावी लागतात आणि त्यातलं एखादं वर्ष वाईट जाणारच. म्हणून घरात प्रश्न असा विचारा : 'चांगल्या वर्षी किती मिळतील?' हा नव्हे, तर 'वाईट वर्षी चूल कशावर पेटेल?'

कमिशनचा पेच

आता खरी गाठ. कित्येक बागायतदारांना सल्ल्याचे पैसे द्यायची सवय नाही. औषधाला दहा हजार सहज जातात, पण 'नुसत्या सांगण्याचे' सातशे जड वाटतात. मग सोपा मार्ग निघतो. सल्ला फुकट आणि औषध अमुक दुकानातून. दुकानदाराकडून टक्केवारी.

यात सगळे खूश दिसतात, पण सल्ला विकला गेलेला असतो. कारण चांगल्या सल्लागाराचं सगळ्यात मोलाचं वाक्य असतं, "आज काही मारू नका." तुडतुड्यांची संख्या कमी आहे, थांबा. मोहोर पूर्ण फुललेला आहे, मधमाश्या आणि माश्या परागीकरण करतायत, आज कीटकनाशक नको. फळमाशीला सापळे लावा, फवारणी कशाला? टक्केवारीवर जगणाऱ्याला हे वाक्य परवडत नाही. प्रत्येक 'नको'मागे त्याचं नुकसान असतं. उलट फी घेणाऱ्याने एक फवारणी वाचवली तर बागायतदाराचं औषध, पाणी आणि मजुरी अशी तिहेरी बचत होते. त्यात भेटीची फी कधीच वसूल झालेली असते.

ज्याला दुकानच चालवायचं आहे त्याने उघडपणे दुकान चालवावं. त्यासाठी परवाना आहे, शैक्षणिक पात्रतेचे नियम आहेत आणि विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. तो धंदा वाईट नाही. वाईट आहे ते एक पाटी लावून दुसरा धंदा करणं.

मक्त्याच्या बागेत कोणाचं ऐकायचं?

आपल्याकडे पुष्कळ बागा कराराने दिलेल्या असतात. मालक मुंबईला, बाग मक्त्याने घेणारा इथे. फी तो मक्तेदार देणार. त्याला दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करायचे असतात, म्हणून तो म्हणतो, "कल्टार जरा जास्तच ओत." झाड मात्र मालकाचं आणि त्याच्या नातवंडांचं. अशा वेळी सल्लागाराने काय करायचं? नियम सोपा आहे, पाळणं कठीण. शिफारशीबाहेर मात्रा लिहून द्यायची नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. दहा वर्षं याच तालुक्यात राहायचं असेल तर थकलेल्या बागा लोक तुमच्या नावाने ओळखायला लागणं परवडणारं नाही.

सल्ला चुकला तर?

फी घेतली की ती सेवा झाली आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेतल्या त्रुटीलाही लागू होतो. म्हणून तोंडी सल्ला देऊ नये. प्रत्येक भेटीला एक चिठ्ठी : तारीख, झाडाची अवस्था, दिसलेली कीड, औषधाचा घटक, मात्रा, काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. आंब्यासाठी लेबलवर मान्यता नसलेलं औषध लिहून देऊ नये. ही चिठ्ठी निर्यातीच्या वेळी बागायतदारालाही उपयोगी पडते.

करांचंही लक्षात असू द्या. स्वतःच्या बागेतल्या आंब्याचं उत्पन्न हे शेती उत्पन्न, त्यावर आयकर नाही. पण सल्ल्याची फी हे शेती उत्पन्न नव्हे. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा आणि वर्षाअखेर जाणकाराकडून विवरणपत्र भरून घ्या. पुढे बँकेचं कर्ज हवं असेल तेव्हा हेच कागद कामाला येतात.

सुरुवात करायची तर अशी

पदवी हातात पडली की लगेच सल्लागाराची पाटी लावू नये. दोन-तीन हंगाम कोणाच्या तरी हाताखाली काढा. संशोधन केंद्रावर, निर्यातदाराकडे, प्रक्रिया उद्योगात किंवा कंपनीतही. पगारावर शिकता येतं आणि चूक झाली तर सांभाळायला वर कोणीतरी असतं.

घरची बाग ही पहिली प्रयोगशाळा. पाच-दहा कलमं बाजूला ठेवून काय केलं आणि काय झालं याची वही लिहा. ही वही दाखवता आली तर प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजन पडतं.

कृषी पदवीधरांसाठी केंद्र सरकारची ॲग्री क्लिनिक व ॲग्री बिझनेस सेंटर योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेमार्फत मोफत निवासी प्रशिक्षण आणि बँक कर्जाशी जोडलेलं अनुदान असं तिचं स्वरूप आहे. कर्ज घेण्याआधी आताचे नियम बँकेत विचारून घ्या.

एका टोपलीचा धोका कमी करायचा तर आंब्याच्या जोडीला काजू घ्या. हंगामाबाहेरची कामं शिका : जुन्या उंच कलमांची छाटणी करून त्यांचं पुनरुज्जीवन, माती परीक्षणाचा अर्थ लावणं, निर्यात नोंदणी आणि मानांकनाची कागदपत्रं. अशा कामांचे पैसे त्या वर्षीच्या मोहोरावर अवलंबून नसतात. फी दोन हप्त्यांत घ्या. अर्धी मोहोराआधी, अर्धी काढणीनंतर. आणि निदान एका वर्षाचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पगाराची नोकरी सोडू नका.

बागायतदारांनो, तुम्हीही विचारा

सल्लागार ठेवताना चार प्रश्न विचारायला लाजू नका. शिक्षण काय आणि किती हंगाम बघितले? औषधाच्या विक्रीतून काही मिळतं का? लिहून देणार का? आणि गेल्या वर्षी किती वेळा 'फवारू नका' म्हणून सांगितलं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. तिथेच माणूस कळतो.

आणि उत्तर पटलं तर फी वेळेवर द्या. गावातल्या शिकलेल्या पोराला 'आपलोच झील' म्हणून फुकट राबवलं, तर तो दोन वर्षांत मुंबईची गाडी पकडेल. मग मोहोर गळायला लागला की विचारायला उरेल ते फक्त औषधाच्या दुकानाचं काउंटर.